पिंग येतंय, पण कुणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर घोडबंदर रोडला, मानपाड्याजवळ, अठराव्या मजल्यावर. ऑफिस ऐरोलीत, पण आठवड्यातले तीन दिवस घरून काम. दिवसभर नेट ठीक असतं आणि संध्याकाळी सात वाजले की मीटिंगमध्ये आवाज तुटायला लागतो. इंटरनेटवाल्याचा पोरगा येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावून शंभर एमबीपीएस दाखवतो आणि पुढच्या बिल्डिंगला जातो. ऑफिसच्या आयटीवाल्यांनी ‘पिंग करून पाठवा’ म्हणून सांगितलं, म्हणजे समोरचं यंत्र उत्तर देतंय का आणि किती वेळात, ते तपासून पाठवा. तुम्ही गूगलला पिंग करून चार ओळींचा फोटो पाठवलात, तर ‘यातून काही कळत नाही’ एवढंच उत्तर आलं. मग काहीतरी कळेल असं पिंग कसं करायचं?

आयटीवाले खरं बोलले, पण पुढचं सांगायचा त्यांनी कंटाळा केला. विंडोजमध्ये पिंग आणि पुढे नुसता पत्ता लिहून एंटर मारलं की चार पॅकेट, म्हणजे डेटाचे छोटे तुकडे जातात, सेकंदाला साधारण एक, आणि खेळ संपतो. दुपारी तीन वाजता तीन हात नाक्यावर चार सेकंद उभं राहून ‘ट्रॅफिक कुठाय?’ म्हणावं, तसं ते झालं. तुमची तक्रार सातनंतरची आहे आणि तीही सलग नाही, मध्येच अर्धा मिनिट आवाज जातो आणि परत येतो. ते अर्धं मिनिट पकडायचं असेल तर पिंग चालू ठेवून बसावं लागेल. आणि एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी.

मी या धंद्यात पंचवीसएक वर्षं आहे. सुरुवात रबाळे-महापेच्या कारखान्यांत केबल ओढण्यापासून झाली. महागडी मॉनिटरिंगची सॉफ्टवेअरं खूप वापरली, तरी अजूनही फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारतो, पिंग येतंय का? आणि लगेच दुसरा, कुणाचं येतंय? लोक पहिल्यावरच थांबतात, तिथेच घोटाळा होतो.

पिंग मुळात काय करतं ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. तुमचा कॉम्प्युटर एका पत्त्याला हाक मारतो, समोरचा ओ देतो. हाक आणि ओ यांत किती वेळ गेला तो मिलिसेकंदांत मोजायचा, बस. माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसाने डिसेंबर १९८३मध्ये हा प्रोग्राम लिहिला. ते अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत होते, तिथलं नेटवर्क विचित्र वागत होतं म्हणून एका रात्रीत लिहून काढला. नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून. पाण्यात टणकन आवाज सोडायचा आणि प्रतिध्वनी किती वेळाने येतो त्यावरून समोरची वस्तू किती लांब ते ओळखायचं. हे इतकं गाजणार हे ठाऊक असतं तर आणखी एखाद-दोन दिवस खर्चून चार ऑप्शन वाढवले असते, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलंय. चाळीस वर्षांत मूळ कल्पनेला हात लावायची वेळ आलेली नाही.

आता तुमच्या सातच्या दुखण्याकडे. सातला काय काय बदलतं? एक, तुमच्या टॉवरमधली सगळी घरं भरतात आणि प्रत्येक घराचा वायफाय एकाच वेळी बोलायला लागतो. दोन, तुमच्याच घरातली माणसं परत येतात, फोन चार्जिंगला लागतात आणि दिवसभरातले फोटो-व्हिडिओ गुपचूप वर चढायला लागतात. तीन, इंटरनेटवाल्याने त्या भागासाठी जी लाइन वरून घेतलीय ती सगळ्यांना मिळून अपुरी पडते. संशयित हे तीन. स्पीड टेस्ट या तिघांना एकाच पोत्यात घालते, पिंग त्यांना वेगळं काढतं.

विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, सीएमडी टाइप करून एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. त्यात आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहा. ‘डिफॉल्ट गेटवे’समोर जो पत्ता दिसेल तो तुमच्या राउटरचा, बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. मी इथे मराठी आकडे लिहितोय, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजी. मग ट्रेसर्ट (tracert), जागा, वजा चिन्ह लावून डी, जागा आणि ८.८.८.८ असं द्या. एकाखाली एक ओळी येतील. पहिली ओळ तुमचा राउटर, दुसरी बहुधा इंटरनेटवाल्याचं पहिलं यंत्र, त्याचा पत्ता बऱ्याचदा १० किंवा १०० ने सुरू होतो. तो लिहून घ्या. दुसऱ्या ओळीत नुसत्या चांदण्या आल्या तर तिसरी घ्या.

मग अशाच तीन काळ्या खिडक्या शेजारी शेजारी उघडा. पहिलीत राउटरला पिंग, दुसरीत इंटरनेटवाल्याच्या यंत्राला, तिसरीत ८.८.८.८ला. तिन्हीकडे पत्त्यानंतर जागा सोडून वजा चिन्ह आणि टी लावायचं, म्हणजे थांबवेपर्यंत ते चालत राहतं. थांबवायला कंट्रोल आणि सी. मॅक किंवा लिनक्स असेल तर टीची गरज नाही, ते आपणहून थांबतच नाही. पावणेसातला लावा, मीटिंग होऊ द्या, शेजारी कागद-पेन ठेवा. विंडोजचं पिंग ओळीपुढे घड्याळ दाखवत नाही, त्यामुळे आवाज तुटला की वेळ स्वतः टिपायची आणि त्या क्षणी कुठल्या खिडकीत काय चाललंय ते बघायचं. एक बारकावा लक्षात ठेवा. उत्तर आलेली ओळ साधारण सेकंदाला एक पडते, पण ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’ची प्रत्येक ओळ म्हणजे विंडोजने चार सेकंद वाट बघितली. अशा पाच ओळी दिसल्या तर वीसेक सेकंद गेले, पाच नव्हे.

आता वाचायचं कसं. पहिली खिडकीच बिघडली, म्हणजे तुमच्याच घरातला राउटर ओ द्यायला कधी २, कधी १८०, कधी थेट टाइम्ड आउट, तर बाकीच्या दोन खिडक्या बघूच नका. त्या बिघडणारच, त्यांचा रस्ताही याच दारातून जातो. इंटरनेटवाल्याशी भांडण करण्यात अर्थ नाही, दोष वायफायचा. राउटरला वायर लावून पिंग केलं तर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर यायला हवं. वायफायवर दोन ते पाच, मधूनच वीस-तीस, इथवर चालतं.

माझ्या बहिणीचं उदाहरण देतो, कळव्याला राहते. तिची तक्रार अगदी तुमच्यासारखी, पण रात्री साडेआठची. मी जाऊन लॅपटॉप उघडला, राउटरला पिंग लावलं, ३, ४, ३, ३ असं शांत चाललेलं. एवढ्यात भावजी आमटी गरम करायला उठले. ३, ४, मग ३१२, मग टाइम्ड आउट, मग ४४०. ‘टिंग’ असा आवाज आला आणि परत ३. राउटर ओट्याच्या वरच्या माळ्यावर, मायक्रोवेव्हपासून दोन हातांवर ठेवला होता. मायक्रोवेव्ह आणि जुना वायफाय दोन्ही २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. साडेआठ ही त्या घरची जेवणाची वेळ, एवढंच ते गूढ. राउटर हॉलमध्ये आणला, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडला, काम झालं. तुमच्याकडे मायक्रोवेव्हच असेल असं नाही. हल्ली इंटिरियरवाले राउटर टीव्ही युनिटच्या पोटात, वर आरसा लावून बंद करतात, त्यानेही हेच होतं. आणि अठराव्या मजल्यावर शेजारपाजारचे पंधरा-वीस वायफाय दिसत असतील तर २.४वर गर्दी होणारच. खात्री करायची तर एक लॅनची वायर आणा. लॅपटॉपला ते भोक नसेल तर यूएसबीला लावायचा तुकडा मिळतो, तोही आणा. वायर लावल्यावर पहिली खिडकी गप्प झाली की चोर सापडला.

पहिली खिडकी शांत आहे आणि दुसरी-तिसरी एकदम चढतात, ६वरून ३००-४००वर, तर इंटरनेटवाल्याला फोन लावायच्या आधी घरातले फोन तपासा. हा दुसरा संशयित आहे आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वेळा हाच निघतो. फोटो वर चढत असतात तेव्हा राउटरच्या आत पॅकेटची रांग लागते. तुमच्या मीटिंगचा आवाज त्या रांगेच्या शेवटी उभा राहतो. गंमत म्हणजे पॅकेट हरवत नाहीत, फक्त उशिरा पोचतात, आणि आवाजाच्या बाबतीत फार उशिरा पोचलेलं पॅकेट हरवल्यातच जमा. हे मुद्दाम घडवून बघता येतं. सकाळी, नेट ठीक असताना, तिन्ही खिडक्या लावा आणि फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवा. आकडे फुगले आणि व्हिडिओ थांबवताच खाली आले, तर तुम्हाला सातची वाट बघायचीही गरज नाही. बॅकअप रात्री बाराचा करा, किंवा राउटरमध्ये क्यूओएस, म्हणजे रांगेत कुणाला आधी सोडायचं ते ठरवायची सोय असेल, तर लॅपटॉपला पुढे घ्या.

घरातले सगळे फोन विमान मोडमध्ये टाकूनही सातनंतर दुसरी खिडकी चढत असेल, तर मात्र तक्रार करा. तुमच्या घरापासून त्यांच्या पहिल्या यंत्रापर्यंतचा तुकडा त्यांचाच. शाफ्टमधलं फायबर वाकलंय, जोड नीट बसलेला नाही, पावसात डब्यात पाणी गेलं, असली कारणं असतात. पण ती दिवसाही त्रास देतात. फक्त सातलाच होत असेल तर लाइन फुल होतेय. दुसरी शांत आणि तिसरीच चढते, तर त्यांनी वरून घेतलेली लाइन अपुरी आहे. त्या पोराला यातलं काही करता येणार नाही, त्याच्यावर डाफरू नका, तक्रार वर न्या.

आता ‘कुणाचं येतंय’ या प्रश्नाकडे वळतो, कारण यात भलेभले फसतात. रबाळ्याच्या एका कारखान्यातून रात्री दोन वाजता फोन आला. गेटवरच्या वजनकाट्याचा कॉम्प्युटर दिसत नाही, बाहेर ट्रक थांबलेत. मी विचारलं, पिंग केलंस का? ‘केलं सर, लॉस झिरो. चार पाठवले, चार आले.’ मग म्हटलं कॉम्प्युटर ठीक आहे, वजनाचं सॉफ्टवेअर बघ. अर्धा तास त्याने सॉफ्टवेअर बंद-चालू केलं. शेवटी मला शंका आली, म्हटलं खालची बेरीज सोड, पहिली ओळ अक्षर न् अक्षर वाचून दाखव. तो वाचायला लागला, ‘रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१०.२५, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल.’ वजनकाट्याचा पत्ता शेवटी ६०. मग हा २५ कोण? थोडा वेळ गप्प, मग म्हणाला, ‘सर, तो माझाच आहे.’

झालं होतं असं, की त्याच्या कॉम्प्युटरने त्याच नेटवर्कवर आरोळी दिली, ६० नंबर कुणाचा? कुणीच हात वर केला नाही. तेव्हा त्याच्याच कॉम्प्युटरने त्याला कळवलं की तो माणूस काही भेटत नाही. विंडोज हा निरोपही ‘आलेल्या उत्तरांत’ मोजतं आणि खाली शून्य टक्के लॉस छापतं. संध्याकाळी झाडू मारताना वजनकाट्याची वायर निघाली होती. तेव्हापासून मी कुणाकडूनही टक्के ऐकत नाही, ओळ वाचायला लावतो. टाइम्ड आउट म्हणजे हाक गेली, ओ आली नाही. अनरीचेबल म्हणजे वाटेतल्या कुणीतरी, किंवा तुमच्याच यंत्राने, रस्ता नाही म्हणून सांगितलं. आणि नाव लिहून पिंग केल्यावर होस्ट सापडत नाही असं आलं, पण ८.८.८.८ बिनबोभाट चालतंय, तर नेट बंद नाही, नावावरून पत्ता शोधणारं डीएनएस बंद आहे. म्हणूनच मी तुम्हाला गूगलचं नाव न देता आकडा दिला.

वेळेच्या आकड्याचाही अंदाज असू द्या. काचेच्या फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन मोजलं तर दर शंभर किलोमीटरला एक मिलिसेकंद. सिंगापूर इथून सरळ रेषेत चार हजार किलोमीटरच्या जरा आत, त्यामुळे चाळीसच्या खाली उत्तर फारसं येऊच शकत नाही, प्रत्यक्षात साठच्या आसपास येतं. अमेरिकेचं दोनशेच्या आसपास आलं तर त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. ८.८.८.८ मात्र एकच यंत्र नाही, तोच पत्ता जगात अनेक ठिकाणी ओ देतो, ठाण्यातून बहुधा मुंबई परिसरातूनच उत्तर मिळतं, म्हणून ते एक आकडी येतं.

यातून एक मजेशीर गोष्ट दिसते. ऐरोली-रबाळे-महापे या पट्ट्यात डेटा सेंटरची रांग आहे. तुमच्या कंपनीचा सर्व्हर तिथे असेल तर मानपाड्याहून तो खाडीपलीकडे, गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. पण पिंग पंचवीस-तीस दाखवतं. कारण तुमचा इंटरनेटवाला आणि ऑफिसचा इंटरनेटवाला एकमेकांना मुंबईत भेटत नसतील, चेन्नईत भेटत असतील, तर पॅकेट ऐरोलीला जायला चेन्नईची वारी करून येतं. हा बिघाड नाही. पंचवीस स्थिर असेल तर मीटिंग झकास चालते. आवाजासाठी एका बाजूने १५० मिलिसेकंदांपर्यंतचा उशीर कानाला खटकत नाही असं मानतात. खटकतो तो चढउतार, आत्ता २५, लगेच २१०, परत ३०. म्हणून सरासरीकडे बघू नका, सगळ्यात मोठा आकडा आणि तो किती वेळा आला ते बघा.

ओळीच्या शेवटी टीटीएल असतं. ती वेळ नव्हे. प्रत्येक राउटर ओलांडताना तो आकडा एकाने कमी होतो, शून्य झाला की पॅकेट फेकून देतात, नाहीतर चुकलेलं पॅकेट जन्मभर फिरत राहील. विंडोज १२८पासून सुरू करतं, लिनक्स ६४पासून. तुम्हाला त्याचा उपयोग एवढाच, की मीटिंगच्या मधेच तो आकडा बदलला तर परतीचा रस्ता बदलला असं समजायचं.

पिंग आलं नाही म्हणजे समोरचा मेला, असंही नाही. विंडोजचं फायरवॉल घरातल्याही दुसऱ्या कॉम्प्युटरला बहुतेक वेळा ओ देऊ देत नाही. ऑफिसचे सर्व्हर मुद्दाम गप्प ठेवलेले असतात. वाटेतली मोठी राउटरं पिंगला सगळ्यात शेवटी वेळ देतात, त्यामुळे ट्रेसर्टमध्ये मधल्याच एका ओळीत चांदण्या आणि पुढच्या सगळ्या ठीक, याकडे दुर्लक्ष करा. दुसऱ्या खिडकीचंही तसंच, ती तुटक आणि तिसरी गुळगुळीत असेल तर काही झालेलं नाही. उलट पिंग छान येतंय पण काम होत नाही, हेही होतं. पिंगला पोर्ट, म्हणजे यंत्रावरच्या एकेका सेवेच्या दाराचा नंबर, नसतो, त्यामुळे कुणी ‘४४३ला पिंग करा’ म्हणालं तर त्याला पॉवरशेलमधली टेस्ट-नेटकनेक्शन ही कमांड हवीय. आणि व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कला घरून जोडणारा खासगी रस्ता, जोडलं जातं पण मोठ्या फाइलवर अडकतं, असं असेल तर ८.८.८.८ला पिंग करताना वजा एफ, वजा एल १४७२ लावून बघा, म्हणजे मोठं पॅकेट तुकडे न करता जातं का ते कळेल. गेलं तर ठीक. नाही गेलं आणि १४६४ला गेलं, तर लाइन पीपीपीओई नावाच्या जोडणीची आहे, हे आयटीला कळवा, त्यांना पुढचं माहीत असतं.

आयटीला फोटो पाठवू नका, एवढं लिहून पाठवा: ‘मंगळवार, संध्याकाळी ६:४५ ते ८:१०, लॅपटॉप वायरने जोडलेला, घरातले सगळे फोन बंद. राउटरचं पिंग पूर्ण वेळ १च्या आत. इंटरनेटवाल्याच्या यंत्राचं ३ ते ५. ८.८.८.८ सातपर्यंत ६, त्यानंतर ४० ते ३५० मध्ये हलतं. आवाज ७:१२, ७:३१ आणि ७:४८ला तुटला, तिन्ही वेळा तिसऱ्या खिडकीत सलग तीन-चार टाइम्ड आउट, पहिल्या दोन शांत.’ आकडे अर्थात तुमचे टाका. हाच मजकूर इंटरनेटवाल्याच्या तक्रारीतही चिकटवा. पण एक संध्याकाळ पुरायची नाही, दोन-तीन दिवसांचं हवं, त्यातला एक तरी शनिवार-रविवार सोडून.